चढलो, पण कशावरून?

माझ्या मनगटावर जे घड्याळ आहे त्याला वेळ सोडून बाकी सगळं सांगायची हौस आहे. पावलं किती टाकली, झोप किती झाली, झोपेत कूस किती वेळा बदलली, काळजाचे ठोके किती पडले, आणि मी या क्षणी समुद्रसपाटीपासून किती मीटर उंचावर बसलो आहे. वेळ बघायची झाली तर मी अजूनही स्वयंपाकघरातल्या भिंतीवरच्या घड्याळाकडेच बघतो. ते दहा मिनिटं पुढं आहे, पण गेली पंधरा वर्षं दहाच मिनिटं पुढं आहे. अशा घड्याळावर माणसाला विश्वास ठेवता येतो.

मनगटावरचं घड्याळ लेकीनं आणलं. ती पुण्याला नोकरी करते आणि सुट्टी मिळाली की पाठीवर पिशवी टाकून डोंगर चढायला जाते. गेल्या वर्षी माझ्या छातीत दोन स्प्रिंगा बसवल्या. डॉक्टरांनी रोज चालायचं, हळूहळू थोडा चढही चढायचा, असं सांगितलं. आमच्या पारनेरात चढ शोधायला जावं लागत नाही. घराच्या मागं टेकडी आहे, वर देवीचं ठाणं आहे आणि पायथ्याला चहाची टपरी आहे. पायथ्यापासून देवीपर्यंत नव्वद-पंच्याण्णव मीटरचा चढ. मी इथल्या हायस्कुलात तीस वर्षं भूगोल शिकवला, त्यामुळं असले आकडे माझ्या तोंडात असतात. तोंडात असणं वेगळं आणि पायात असणं वेगळं, हे मला निवृत्तीनंतर कळलं.

पहिला महिना मी टेकडीपर्यंत गेलो, हे खरं आहे. टेकडीवर गेलो नाही, हेही खरं आहे. टपरीवरचं बाकडं सावलीत होतं, पेपर यायचा, आणि टपरीवाला माझा जुना विद्यार्थी, त्यामुळं मी उठायला लागलो की तो "बसा ना सर" म्हणायचा. एकदा सकाळी लेकीचा फोन आला. कुठं आहात म्हणाली. मी आवाजात जरा धाप आणली आणि म्हणालो, अर्ध्यात आलोय, दम घेतोय. त्याच वेळी टपरीवाल्यानं शेजारून खणखणीत आवाजात विचारलं, "सर, दुसरा कप साखरंचा का बिनसाखरंचा?"

मग लेक म्हणाली, "बिनसाखरेचा घ्या, आप्पा." आणि फोन ठेवला.

त्या दिवशी माझ्या शब्दाची किंमत संपली. ती पुन्हा मिळवायला मला पुढं किती उंची चढावी लागली ते सांगण्यासाठीच हे लिहितोय.

दसऱ्याला लेक घरी आली ती घड्याळ घेऊनच. डबीतून काढून माझ्या मनगटाला लावून बघितलं, पट्टा दोन भोकं आवळला, आणि म्हणाली, "आप्पा, डिसेंबरात आमचा ग्रुप कळसूबाईला जाणार आहे. तुम्हाला यायचंय?"

मला यायचं होतं. हे वाक्य मी साधं लिहिलं आहे, पण ते तितकं साधं नव्हतं. शाळेत असताना दरवर्षी थंडीत मी शाळेची सहल कळसूबाईला न्यायचो. महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर आपल्याच जिल्ह्यात आहे आणि आपल्या पोरांनी ते फक्त नकाशात बघावं, हे मला पटायचं नाही. अकोल्यापर्यंत एसटी, पुढं बारीला मुक्काम, पहाटे चढायला सुरुवात. किती पोरांना नेलं याची मोजदाद नाही. त्यात माझी लेक एकदाही नव्हती. लहान होती तेव्हा, अजून लहान आहेस, पुढच्या वर्षी बघू, असं म्हणत गेलो. मग तिनं विचारणं सोडलं, पुढं ती अकरावीला नगरला गेली, तिथून पुण्याला, आणि कळसूबाई ती आपल्या मित्रमैत्रिणींबरोबर पाच-सहा वेळा चढून आली. दर वेळी मला वरून फोटो पाठवायची. फोटोत मी नसायचो. आता छातीत स्प्रिंगा असताना, एकदा तरी तिच्याबरोबर वर जावं, एवढंच माझ्या मनात होतं. बापाचं काहीतरी राहून गेलेलं असतं, ते कधी ना कधी बोचतंच.

"येतो की," मी म्हणालो.

"मग अट आहे," ती म्हणाली. "आजपासून डिसेंबरच्या सहलीपर्यंत घड्याळात तीन हजार मीटर चढ दिसला पाहिजे. टेकडी तीस-बत्तीस वेळा चढली की होतं. डॉक्टरांना विचारलंय मी. रोज संध्याकाळी घड्याळाचा फोटो पाठवायचा."

"फोटो कशाला? मी सांगीन की."

ती नुसती हसली. तिची आई आतून म्हणाली, "फोटोच मागून घे."

त्याच दिवशी दसऱ्याची पूजा झाली. आमच्याकडं ही पूजा दणक्यात असते. ज्या वस्तूवर आपलं काम चालतं तिला वर्षातून एकदा तरी हात जोडावेत, असं माझं मत आहे आणि ते मी तीस वर्षं वर्गातही सांगितलं. मोटरसायकल, बायकोचं शिलाई मशीन, विळी, कोयता, निवृत्तीला मिळालेला पृथ्वीगोल, लेकीचा लॅपटॉप, सगळं ओळीनं मांडलं. नवं घड्याळही त्यात होतं. झेंडूच्या माळा घातल्या, नारळ फोडला, संध्याकाळी सोनं वाटलं, आणि दुसऱ्या दिवशी लेक पुण्याला गेली.

मी खरंच चढायला लागलो. टपरीला पाठ दाखवायची, हात हलवायचा, आणि वर. पहिल्या दिवशी तीन ठिकाणी बसलो. पायऱ्या संपतात तिथं एक चिंचेचं झाड आहे, त्याच्या बुंध्याशी तर असा बसलो की आता इथंच माझं ठाणं होतंय का काय असं वाटलं. वर पोचलो तेव्हा पलीकडच्या पठारावरच्या पवनचक्क्या दिसल्या. घड्याळ म्हणालं, चढ ९२ मीटर. मी त्याचा फोटो काढला, स्वतःचा काढला, देवीचा काढला, आणि तिन्ही पाठवले. लेकीनं शाबासकीचा अंगठा पाठवला. पहिला आठवडा असाच छान गेला. ९४, ९१, ९३. माझं भूगोलाचं मन सुखावलं.

दुसऱ्या आठवड्यात घड्याळाला काय झालं कळेना. चढून आलो तर म्हणे, चढ ४० मीटर. दुसऱ्या दिवशी ११. तिसऱ्या दिवशी मी देवीच्या पायरीवर उभा राहून, शर्टाच्या बाहीनं घाम पुसत बघितलं, तर चढ शून्य. उतार मात्र १५ मीटर. म्हणजे मी सकाळी टेकडीच्या पायथ्यापासून निघून तासभर धापा टाकत खोल खाली आलो होतो.

पुढचा प्रकार याहून वाईट. खाली उतरून टपरीवर घटकाभर बसलो, सावलीत गार वाटलं, चहा घेतला, आणि उठताना पाहिलं तर घड्याळात २२ मीटर चढ जमा. घड्याळानं माझा स्वभाव नेमका ओळखला होता. फक्त त्याबद्दल शाबासकी द्यायला नको होती.

संध्याकाळी फोटो पाठवला. सोबत लिहिलं, आज पूर्ण टेकडी चढलो, घड्याळ चुकतंय. लेकीचं उत्तर आलं एका शब्दाचं. "कशावरून?"

हा शब्द तिचा नाही, माझा आहे. शाळेत मी त्याच शब्दासाठी प्रसिद्ध होतो. पोरगं म्हणायचं, सर, गृहपाठ केला होता, वही घरी राहिली. मी विचारायचो, कशावरून? पोरगं म्हणायचं, सर, आजी वारली म्हणून आलो नाही. मी विचारायचो, कशावरून, मागच्या दिवाळीत वारली होती ती कोण? सगळा वर्ग हसायचा. भूगोलाच्या मास्तरला असली करमणूक चालते. पृथ्वी गोल आहे म्हटलं तरी आधी मी विचारायचो, कशावरून? पोरांनी चंद्रग्रहणाच्या सावलीपासून जहाजाच्या शिडापर्यंत पुरावे द्यायचे, मगच पृथ्वी गोल व्हायची. तोच शब्द आता पुण्याहून माझ्याकडं परत आला होता, आणि माझ्याकडं ना शीड होतं ना सावली.

मी उपाय सुरू केले. घड्याळ बंद करून चालू केलं. उपग्रहाचं बटण मी बॅटरी खातं म्हणून बंद ठेवलं होतं, ते तसंच ठेवलं, कारण बॅटरी खाऊन ते मेलं असतं तर शून्यही दिसलं नसतं. बायको म्हणाली, "मोबाईल भिजला होता तवा तांदळात ठिवला होता, तसं ठिवा." म्हणून एक रात्र ते इंद्रायणीच्या डब्यात राहिलं. सकाळी त्याला भाताचा वास येत होता, बाकी काही फरक नाही. टेकडी चढलो, उतार १८ मीटर.

मग मी साक्षीदार उभा केला. टपरीवाल्याच्या हातात फोन दिला आणि म्हटलं, सांग तिला.

"ताई, सर रोज चढत्यात," तो म्हणाला. "म्या डोळ्यानं बघतो. जाताना हात करत्यात अन् येताना लालबुंद हून येत्यात. लई दमत्यात, पर चढत्यात."

लेक काय म्हणाली ते मला नंतर त्यानंच सांगितलं. ती म्हणाली, दादा, सर तुमचं गिऱ्हाईक आहेत, तुमची साक्ष धरता येत नाही. टपरीवाल्याला ते पटलंही. "बराबर हाय की तिचं," तो मला म्हणाला. पहिल्या वेळी त्यानं न विचारता खरी साक्ष दिली होती तेव्हा ती लगेच धरली गेली. आता विचारून दिली तर बाद.

घरातही तेच. रात्री जेवताना बायको ताटात भाकरी वाढत म्हणायची, "आज कुठवर गेलात? शून्यावर का त्याच्या खाली?" मी रागानं ताटावरून उठून जायचं ठरवायचो, पण भाकरीबरोबर पिठलं असायचं. मनातून मात्र फार वाईट वाटायचं. आयुष्यात पहिल्यांदा मी सांगितलेलं काम सांगितल्यासारखं करत होतो. पाच दिवसांतले चार दिवस तरी वर जात होतो. पाचव्या दिवशी टपरीवर बसत होतो हे मान्य, पण त्या चार दिवसांची नोंद कुठंच होत नव्हती आणि पाचव्या दिवशीची मात्र होत होती. नोव्हेंबर अर्धा संपला आणि घड्याळात तीन हजारांतले सातशेही झाले नव्हते. त्यातले निम्मे चहाचे.

नोव्हेंबर म्हणजे आम्हा पेन्शनवाल्यांचा हयातीचा दाखला द्यायचा महिना. माणूस जिवंत आहे हे त्यानं स्वतः जाऊन सांगायचं असतं, तेही कशावरून असं विचारून घेतात. माझं खातं नगरला आहे. एसटीनं माळीवाड्याला उतरलो, बँकेत रांगेला लागलो. माझी पाळी आली तेव्हा खिडकीतल्या मुलीनं यंत्रावर अंगठा ठेवायला सांगितला. यंत्राला अंगठा पटेना. खडूनं झिजलेला अंगठा आहे हा, मी म्हणालो. तिनं रुमालानं पुसायला सांगितला, पुन्हा ठेवला, पुन्हा नाही. "मॅच होईना सर," ती म्हणाली. मी तिच्यासमोर उभा होतो, श्वास घेत होतो, घड्याळ माझे ठोके पंच्याऐंशी सांगत होतं. शेवटी तिनं माझ्या डोळ्यांसमोर दुसरं यंत्र धरलं आणि डोळ्यावरून मी जिवंत ठरलो. बाहेर आलो तेव्हा मी जाम चिडलेलो होतो. एका वर्षात किती यंत्रांपुढं माणसानं खरं ठरायचं?

त्या चिडीतच मला सुचलं. पुरावा पाहिजे ना, मग सरकारी पुरावा घेऊ. रिक्षा करून रेल्वे स्टेशनला गेलो, फलाटाचं तिकीट काढलं आणि फलाटाच्या टोकाला असलेल्या पिवळ्या पाटीपाशी जाऊन उभा राहिलो. त्या पाटीवर स्टेशनच्या नावाखाली समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते. पोरांना कधी नगरला आणलं की मी ती वाचायला लावायचो. पाटीच्या शेजारी मनगट धरलं. घड्याळात सकाळी पारनेरला घरातून निघताना जो आकडा होता, जवळपास तोच होता. चाळीस किलोमीटर आलो, पठारावरून खाली उतरलो, कानात दडे बसून सुटले, आणि हे घड्याळ अजून आमच्या ओसरीवरच बसलेलं. पाटीचा आणि घड्याळाचा मी एकत्र फोटो काढला. एक हमाल बाजूनं जाताना थांबून बघायला लागला. मी त्याला म्हणालो, उंची तपासतोय. तो माझ्या डोक्यापासून पायापर्यंत बघून निघून गेला.

तिथून कापड बाजाराच्या बोळात एका घड्याळजीकडं गेलो. वयस्कर गृहस्थ, दाढी मेंदीनं रंगवलेली, समोर काचेखाली शेकडो बारीक चाकं. घड्याळ हातात घेऊन त्यांनी मागून पुढून बघितलं आणि म्हणाले, "ह्याला उघडायचं काय काम न्हाई सर. ह्याच्यात चाकच न्हाई. काय तकलीफ देतंय?"

मी सांगितलं. चढलो की उतरतं, बसलो की चढतं.

त्यांनी डोळ्याला भिंग लावलं आणि घड्याळाची कड दिव्याखाली फिरवली. एका जागी थांबले. बराच वेळ बघत राहिले. मग भिंग न काढताच म्हणाले, "सर, हे लाल काय हाय?"

"कुठं?"

"इथं बाजूला तीन बारीक छेद हायेत. हवा जायला ठिवल्यात. तिन्ही लिंपून टाकल्यात कुणीतरी. खाली पिवळं, वर लाल." त्यांनी कोमट पाण्यात बुडवलेला मऊ ब्रश फिरवला, पांढऱ्या फडक्यावर टिपलं आणि फडकं माझ्यापुढं केलं. पिवळा-लाल डाग. त्यांनी तो नाकाशी नेला. "हळदकुंकू हाय," ते म्हणाले. "घामानं भिजलं, धूळ बसली, सिमेंट झालं. ह्याच्या नाकात बोळे घातल्यावर त्याला हवा कशी कळायची?"

मी समोरच्या स्टुलावर बसलो तो बसूनच राहिलो. जसजसे उंच जावे तसतसा हवेचा दाब कमी होतो. हे वाक्य मी तीस वर्षं फळ्यावर लिहिलं. वायुभारमापकाची आकृती काढून त्याखाली रेघ मारली, पोरांकडून शंभर वेळा लिहून घेतलं. आणि माझ्या मनगटावर बांधलेलं यंत्र तेच, त्याच नियमानं उंची सांगणारं, हे महिनाभर माझ्या डोक्यात आलं नाही. आत कोंडलेली हवा टेकडीवर उन्हानं, माझ्या अंगच्या उष्णतेनं तापायची, दाब वाढायचा, घड्याळाला वाटायचं हा खाली निघाला. टपरीच्या सावलीत ती गार व्हायची, दाब उतरायचा, घड्याळाला वाटायचं हा वर निघाला. घड्याळ अगदी बरोबर होतं. भूगोलाच्या परीक्षेत त्याला मी पैकीच्या पैकी दिले असते.

घड्याळजींनी पैसे घेतले नाहीत. "पानी मारायचं काय घ्यायचं," म्हणाले. "फक्त आता ह्याला पुजू नका."

एसटीत मी घरी जाऊन काय बोलायचं ते जुळवत बसलो. दारातूनच सुरू केलं. बायको ओसरीवर मेथी निवडत होती.

"घड्याळाला हळदकुंकू कुणी फासलं?"

तिनं वर बघितलं नाही. "आपल्या घरात दसऱ्याची पूजा कोन करतं?"

"मी करतो. पण हे असलं काम..."

"तुमीच केलंत. मी म्हनले, काचंवर लावू नका, डाग पडंल. तर तुमी घड्याळ असं आडवं धरलं आन् म्हनलात, हे बघ, ह्याच्या बाजूला कानावानी बारीक भोकं हायेत, इथं लावतो." तिनं मेथीची जुडी बाजूला ठेवली. "एकदा हळद लावली. मग कुंकू. मग म्हनलात नीट बसलं न्हाई, आन् पुन्यांदा दाबून लावलं."

मला सगळं आठवलं. करंगळीनं दाबलं होतं. लेक तेव्हा शेजारी उभी राहून लॅपटॉपला मात्र कुंकू लावू देत नव्हती, आणि मी तिला म्हणालो होतो, यंत्राला श्रद्धा लागते.

बायको एवढी हसली की मेथीची पानं मांडीवरून खाली पडली. मीही हसलो, दुसरं काय करणार.

लेकीला फोन केला. सगळं सांगितलं. फडक्याचा फोटो पाठवला, पाटीचा पाठवला. तिला हसू आवरेना. मग म्हणाली, "आप्पा, तुम्हीच सांगायचात ना, पोरं दरवर्षी आजीला मारतात म्हणून. ही तुमची आजी आहे का?"

"अगं, फडक्यावर कुंकू आहे, बघ."

"ते घड्याळातलंच, कशावरून?"

ते मला जरा लागलं. तिलाही ते जाणवलं असावं. म्हणाली, "मी शनिवारी येते. माझ्यासमोर चढा. मग ठरवू."

शनिवारी ती आली. चहा घेतला आणि आम्ही निघालो. टपरीवाल्यानं लांबून बघितलं आणि या वेळी "बसा ना" म्हणाला नाही, नुसते हात जोडले. घड्याळ मी तिच्याच हाताला बांधायला दिलं, म्हणजे साक्षीचा प्रश्नच नको.

पायऱ्या सुरू झाल्या. मी माझ्या चालीनं चढत होतो. गेल्या महिनाभरात माझी एक चाल झाली होती, दोन पायऱ्यांना एक श्वास. लेक पुढं गेली, मग बरोबर आली, मग मागं राहिली. तिच्या कंपनीत बसायचं काम आहे आणि मधले दोन महिने ती डोंगरावर गेलेली नव्हती. चिंचेपाशी मी थांबलो, दमलो म्हणून नाही, तिच्यासाठी. ती आली, बुंध्याला हात टेकवून उभी राहिली, केस कानामागं सारले. चांगलीच धापत होती. मला मनातून जो आनंद झाला तो बापाला शोभणारा नव्हता.

"दमलीस?"

"जरा." ती पाणी प्यायली. "सहावीत मी इथं कधी थांबायचे नाही."

"सहावीत तू कधी चढायचीस इथं?"

"रोज. शाळा सुटल्यावर." ती खाली गावाकडं बघत होती. "तुमची सहल जायची होती ना. तुम्ही म्हणालात, तुझ्यानं कळसूबाई होणार नाही. मग मी महिनाभर रोज ही टेकडी चढले. म्हटलं, तुम्हाला सांगू, मग न्याल. तुम्हाला सांगितलंही होतं मी, आप्पा."

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. जुनी गंमत सांगावी तसं ती सांगत होती. पण मला ती संध्याकाळ लख्ख दिसली. मी खाटेवर सहामाहीचे पेपर तपासत बसलो होतो. ती दारात उभी होती, शाळेच्या गणवेशात, पायांना धूळ. म्हणाली, आप्पा, मी महिनाभर रोज देवीपर्यंत जाऊन आले, मला न्या. मी पेपरवरून नजर न काढता विचारलं, कशावरून? सवयीनं विचारलं. वर्गात विचारतात तसं. ती थोडा वेळ उभी राहिली. सहावीतल्या पोरीकडं काय पुरावा असणार? मग आत गेली. मी पुढचा पेपर घेतला. त्या वर्षी मी अठ्ठावीस पोरं घेऊन कळसूबाईला गेलो, आणि त्यातली सहा-सात अर्ध्यातून परत आली होती.

मला लाज वाटली. इतकी की पायाखालच्या पायरीकडं बघत राहिलो. लेकीनं घड्याळात बघितलं. "पंचावन्न मीटर झाले," ती म्हणाली. "बरोबर दाखवतंय आता. चला."

उरलेला चढ आम्ही एका चालीनं चढलो. वर वारा होता. पवनचक्क्या सावकाश फिरत होत्या. ती देवीच्या पायरीवर बसली, मी शेजारी बसलो. तिनं मनगट माझ्यापुढं धरलं. ९३. "घ्या," ती म्हणाली, "पास झालात. कळसूबाईला यायचं."

मी आकड्याकडं बघितलं नाही. म्हणालो, "सहावीत तू महिनाभर रोज इथवर आली होतीस."

तिनं माझ्याकडं वळून बघितलं. ओठाच्या कडेला हसू होतं, माझंच, वर्गातलं. "कशावरून?" ती म्हणाली.

"तू सांगितलं होतंस ना," मी म्हणालो. "त्यावरून."

ती हसायला गेली आणि तिला हसता आलं नाही. तिनं मान फिरवली आणि मनगटावरचं घड्याळ सोडायला लागली. पट्टा घामानं चिकटला होता, जरा वेळ लागला. मग ते तिनं माझ्या हाताला बांधलं, दोन भोकं आवळून, आणि आम्ही खाली उतरलो.